तिसरी खुर्ची

"माझं नाव कोणी घातलं?"

"यादी माझीच आहे, काका," फादर अभिनव म्हणाले. "अक्षर लागत नाही का?"

"अक्षर लागतंय. नाव चुकलंय."

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पाचवा रविवार होता. चर्चमधली मिस्सा, रविवारची उपासना, नुकतीच संपली होती. आत पुतळ्यांवर जांभळी कापडं चढली होती आणि बाहेर फलकावर बारा नावांची यादी लागली होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, फादर ज्यांचे पाय धुणार, ते हे बारा जण. तिसऱ्या खुर्चीसमोर लिहिलं होतं, इग्नास त्रिभुवन.

इग्नास अडुसष्ट वर्षांचा होता. या चर्चमध्ये तो त्रेचाळीस वर्षं येत होता आणि त्या यादीत त्याचं नाव एकदाही आलं नव्हतं. त्याने ते मागितलंही नव्हतं. या विधीत उजवा पाय धुतात, आणि त्याच्या उजव्या पायाला दोन बोटं नव्हती.

"तिसरी खुर्ची अँथनी पठारेची आहे," तो म्हणाला. "तेवीस वर्षं तोच बसतोय."

"यंदा तुम्ही बसा."

"का?"

"काका, बारा जणांतल्या अकरांनी फक्त 'बरं' म्हटलं," फादर हसून म्हणाले आणि दुसऱ्या कुटुंबाकडे वळले. ते हसणं इग्नासला आवडलं नाही.

एकतीस वर्षं तो पाणीपुरवठ्यात चावीवाला होता. ठरल्या वेळी चौकातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब चावीने व्हॉल्व फिरवायचा, गल्लीला पाणी सोडायचं. एका गल्लीला दहा मिनिटं कमी मिळालं, की पलीकडच्या गल्लीने त्याचा खिसा गरम केला, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. लोक त्याच्यावर संशय घेत, आणि हळूहळू तोही लोकांवर घेऊ लागला. निवृत्तीनंतर बाकी सगळं सुटलं, हे सुटलं नाही.

घरी आल्यावर त्याने बूट काढायच्या आधीच बायकोला विचारलं, "डॉक्टर फादरना काही बोललेत का? माझ्या रिपोर्टबद्दल?"

"तुमची शुगर सगळ्या सोसायटीला पाठ आहे," फिलोमिना म्हणाली. "त्यासाठी पाय धुवायला कोण बोलावतंय?"

"मग तू सांगितलंस."

"मी सांगितलं असतं, तर त्यांना तुमचं तोंड धुवायला सांगितलं असतं."

टेबलावर एक स्टीलचा डबा होता. इग्नासने तो पाहिला आणि खुर्ची दुसऱ्या बाजूला ओढली.

"आबेदाभाभींचा शीरखुर्मा," फिलोमिना म्हणाली. "काल ईद झाली ना."

"आमचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून सांगायचं."

"गेल्या वर्षी शुगर होती. त्याच्या आदल्या वर्षी पोट बिघडलं होतं. अहो, माणूस जाऊन दोन वर्षं झाली. आता तरी पुरे करा."

माणूस म्हणजे हमीद, आबेदाचा नवरा. तोही चावीवालाच. दोघांनी वीस वर्षं एका डब्यात खाल्लं होतं. मग २००३ साली एक निनावी पत्र साहेबांच्या टेबलावर गेलं. त्रिभुवनने स्वतःची वेगळी आखूड चावी करून घेतली आहे आणि तो वेळ नसताना हवं तिथे पाणी सोडतो, असं त्यात होतं. चावीची गोष्ट खरी होती, आणि ती इग्नासच्या समजुतीप्रमाणे फक्त हमीदला माहीत होती. आठ महिने चौकशी चालली. मग त्याची लांबच्या भागात बदली झाली. तिथल्या पहिल्याच महिन्यात चेंबरचं झाकण निसटून पायावर पडलं. हमीद दवाखान्यात आला, तेव्हा इग्नासने भिंतीकडे तोंड केलं. हमीदच्या मयतीलाही तो गेला नाही.

आठवडाभर त्याने यादीचा विचार केला. कोणीतरी आजारी असेल, म्हणून आयत्या वेळी त्याला भरलं असेल. फादरना कोणीतरी पायाचं सांगितलं असेल आणि त्यांना ते लोकांना दाखवायचं असेल. एकही कारण पुरं बसेना.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात क्रूसाची वाट झाली. चौदा थांब्यांवर लोक गुडघे टेकत, उठत, पुढे सरकत होते. अँथनी पठारे नेहमी पुढे असायचा. आज तो सगळ्यांच्या मागे होता. प्रार्थना संपल्यावर इग्नासने त्याला नळापाशी गाठलं.

या चाळीस दिवसांत प्रत्येक जण काहीतरी सोडतो. इग्नासने चहा सोडला होता.

"यंदा काय सोडलंस?" त्याने विचारलं.

"खुर्ची."

"लोक मटण सोडतात. फार तर सिगारेट."

"तेवीस वर्षं मटणच सोडतोय. काही फरक पडला नाही." अँथनीने नळ उघडला, हात न धुताच बंद केला. "ते पत्र मी लिहिलं होतं."

"कुठलं पत्र?" इग्नासने विचारलं. त्याला कळलं होतं.

"त्या वर्षी पवित्र गुरुवारी चर्चच्या नळाला पाणी नव्हतं. आम्ही बारा जण बूट काढून बसलेलो, माझं पहिलंच वर्ष. तू पळत बाहेर गेलास. मी खिडकीतून तुझ्या हातातली आखूड चावी पाहिली. दहा मिनिटांत पाणी आलं, त्याच पाण्याने माझा पाय धुतला. माझ्या गल्लीत चार दिवस थेंब नव्हता, इग्नास. आई अंथरुणावर होती. चर्चला वेळ नसताना मिळतं, मग मला का नाही?"

"मला विचारायचंस."

"विचारलं होतं. तू म्हणालास, वेळापत्रक बघ."

तो तसं म्हणाला असणार. तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा.

"फादरना माहीत आहे?"

"कबुलीत सांगितलं, ते त्यांच्यापाशीच राहील. खुर्ची तुला द्या, एवढं मात्र बाहेर येऊन वेगळं मागितलं."

"आणि हमीद?"

अँथनीने त्याच्याकडे पाहिलं. "कोण हमीद?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इग्नास डबा घेऊन गंज पेठेत गेला. डबा फिलोमिनाने घासून ठेवला होता आणि आत थोडे चणे घातले होते. रिकामा डबा परत करत नाहीत. आबेदाने दार उघडलं आणि आधी त्याच्याकडे, मग डब्याकडे पाहिलं.

"तुम्ही आणलात?"

"हो."

"या. आत या ना, इग्नासभाऊ."

खोलीत हमीदचा फोटो नव्हता. त्याची चावीवाल्याची टोपी मात्र अजून खुंटीला होती. इग्नासने वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच बाहेर पडलं.

"भाभी, ते पत्र हमीदने लिहिलं नव्हतं."

"आम्हाला माहीत होतं," आबेदा म्हणाली. "तुम्हाला आत्ता कळलं."

तिने चहा आणला. इग्नासने कपाकडे पाहिलं आणि तो प्यायला. चाळीस दिवसांचा नेम असा चौतिसाव्या दिवशी मोडला.

"पाय कसा आहे?" तिने विचारलं. "ते नेहमी विचारायचे. तुमच्या बाजूचं कोणी भेटलं, की आधी पाय विचारायचे."

"बरा आहे," इग्नास म्हणाला.

गुरुवारी निघताना फिलोमिनाने त्याच्यासमोर नवे मोजे ठेवले. जाताय का, असं विचारलं नाही.

वेदीसमोर बारा खुर्च्या होत्या. बारा जण आपापले पाय घरूनच साबणाने धुऊन आले होते. इग्नास तिसऱ्या खुर्चीवर बसला. डावा पाय पुढे करावा, असं सकाळपासून त्याच्या मनात होतं. कोणी काही बोललं नसतं. त्याने उजवा बूट काढला, मोजा काढला. बुटाच्या टोकात भरलेला कापसाचा बोळा बाहेर आला आणि खुर्चीच्या पायाशी पडला.

फादर तांब्या आणि परात घेऊन गुडघ्यांवर आले. पाय पाहून त्यांचा हात थांबला.

"दुखतं का, काका?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. सोडा पाणी."

पाणी कोमट होतं. अँथनी शेवटच्या बाकाशी उभा होता आणि मान उंच करून पाहत होता. त्याने पाहावं म्हणून आपण हा पाय पुढे केला, की फादरसाठी, की आणखी कोणासाठी, हे इग्नासला ठरवता आलं नाही. फादरांनी पाय पुसला, वाकून त्याचं चुंबन घेतलं आणि ते चौथ्या खुर्चीकडे सरकले.

बाराही जणांचे पाय धुऊन झाले. इतर अकरा जण बूट घालून उठले. इग्नासने खाली हात घातला. कापूस परातीतून सांडलेल्या पाण्याने पार भिजला होता. बुटात घालण्यासारखा राहिला नव्हता. त्याने तो पिळून खिशात ठेवला, बूट तसाच घातला, नाडी बांधली आणि उठला.

बुटाचं पोकळ टोक प्रत्येक पावलाला वाकत होतं. तो मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, घाई न करता आपल्या बाकापर्यंत चालत गेला.