सेक्टर सहाची ज्योत

चंपतराव बोकड्यांना ऑलिंपिकमध्ये कोण किती जोरात धावलं याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. शंभर मीटर कुणी जिंकली असं विचारलं तर ‘असेल कोणीतरी’ म्हणून हात झटकत. त्यांचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला असे: खेळ कोणत्या शहराला मिळाले आणि उद्घाटन कसं झालं. माणूस भिलाईच्या कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून, राहणार सेक्टर सहा, मूळचा नागपूरकडचा. रायपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. पण हेलसिंकीच्या उद्घाटनाला पाऊस आला होता हे सांगताना अशी काही हळहळ करत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचंच धोतर भिजलं.

शहरांची पारख ते लेकीसाठी स्थळ पाहावं तशी करत. लंडन? घराणं मोठं, पण पाहुण्यांना टॉवेल घरून आणायला सांगणारं, तिथे मुलगी देऊ नये. मेलबर्न? मांडव ऑस्ट्रेलियात आणि घोडे स्टॉकहोमात, कारण बाहेरच्या घोड्यांना त्या देशात शिरकावच नाही. असलं वऱ्हाड कुणी ऐकलं होतं का! रोमचं नुकतंच आटोपलं होतं. तिथे पडक्या कमानींखाली कुस्त्या लावल्या म्हणून चंपतराव बेहद्द खूश होते. घरची पडझडसुद्धा कशी मिरवावी ते रोमकडून शिकावं, असं त्यांचं मत. डेट्रॉइटचं नाव निघालं की मात्र त्यांना कढ येई. बिचारं दर वेळी अर्ज करतं आणि दर वेळी नकार घेऊन घरी येतं.

हे सगळं ते वाचनालयातली जुनी मासिकं आणि रेडिओ यांच्या जोरावर सांगत, आणि सांगत ते मुख्यतः जेवताना, वच्छलाबाईंना. वच्छलाबाई पोळी वाढत आणि हूं म्हणत. त्या ऐकतात की नाही, हे चंपतरावांनी कधी तपासलं नव्हतं.

आणि त्या हिवाळ्यात असा योग आला की वसाहतीच्या वार्षिक खेळांचं यजमानपद कुणाला द्यायचं यावर दोन अर्ज आले. एक सेक्टर सहाचा, दुसरा मरोद्याच्या रेल्वे क्वार्टरांचा. सेक्टरकडून चंपतराव पुढे झाले. मरोद्याकडून पुढे झाले गार्ड कृष्णराव, म्हणजे चंपतरावांचे सख्खे साडू. आता साडूकडून हरणं म्हणजे काय, ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला, पंगतीत शेजारी बसवून ऐकवलं जाणार. शिवाय चंपतरावांनी जगातल्या एकूण एक शहराला नावं ठेवलेली. त्यांच्याच सेक्टरला नकार आला, तर पुन्हा तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

क्रीडा समितीचे प्रमुख ओमप्रकाशजी रविवारी सकाळी दोन्ही जागा पाहणार असं ठरलं. कृष्णरावांनी स्वागताला इंजिनाची शिटी आणि हिरवी झेंडी यांचा बेत केला. चंपतराव हसले. त्यांच्याकडे ज्योत होती. ग्रीसमध्ये ती आरसा धरून सूर्यापासून पेटवतात ना, मग भिलाईत सूर्य कोणता? ब्लास्ट फर्नेस! तिथल्या फोरमनची रीतसर परवानगी काढली. बळीराम फिटर रात्रपाळी संपवून लोखंडी बादलीत धगधगते कोकचे निखारे घेईल, सायकलच्या कॅरियरला बादली बांधेल आणि सगळा सेक्टर ओलांडून मैदानावर आणेल. तिथे नवी शेगडी मांडलेली, शेजारी पांढरीशुभ्र बंडी घालून चंपतराव उभे. बळीरामला त्यांनी एकच गोष्ट बजावली: रस्त्यात इस्तो विझू द्यायचा नाही.

बळीरामने तो खरंच विझू दिला नाही. घोटाळा झाला तो वेगळाच. रविवार, थंडीची सकाळ, सगळ्या सेक्टरात शेगड्या धुपत होत्या. दगडी कोळसा पेटवायचा म्हणजे तासभर धूर खायचा. अशात दारावरून एक माणूस लालबुंद निखाऱ्यांची बादली घेऊन चाललेला दिसल्यावर बायका काय करतील? पहिल्याच क्वार्टरातली तेलुगू बाई पळी घेऊन धावत आली. बळीराम वर्ध्याकडच्या खेड्यातला. शेजारीण विस्तव मागायला आली तर तिला रिकामी पाठवायची नाही, हे त्याच्या आईने त्याला चालता येण्याआधी शिकवलेलं. त्याने सायकल थांबवली आणि एक निखारा दिला. मग दुसऱ्या दारी थांबला, मग तिसऱ्या. बंगाली बाईने तर दोन नेले आणि वर त्याला चहा पाजला.

मैदानावर ओमप्रकाशजी खुर्चीत बसलेले, शेजारी कृष्णराव झेंडीची घडी मांडीवर ठेवून बसलेले. बळीराम मोठ्या ऐटीत घंटी वाजवत आला. चंपतराव दोन्ही हात पुढे करून सामोरे गेले आणि त्यांनी बादलीत पाहिलं. आत मूठभर राख होती.

“बळीराम, इस्तो कुठी हाय?”

“वाटला ना जी,” बळीराम निरागसपणे म्हणाला. “बाया मांगून राहिल्या होत्या. इस्त्याले नाही कसं म्हनाव?”

कृष्णरावांच्या खुर्चीतून आधी खोकल्यासारखा आवाज आला आणि मग सरळ हसू फुटलं. ओमप्रकाशजींनी सभ्यपणे घड्याळ पाहिलं आणि आता मरोद्याला निघावं का, असं हिंदीत विचारलं. चंपतराव बादली धरून तसेच उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि पांढऱ्या बंडीत रडणं जास्तच वाईट दिसतं, हेही कळत होतं.

मैदानाला लागूनच त्यांचं क्वार्टर. खिडकीतून वच्छलाबाईंनी नवऱ्याची खाली गेलेली मान पाहिली, बहिणीच्या नवऱ्याचं हलणारं पोट पाहिलं, आणि काय झालं असेल ते ओळखलं, कारण बळीरामचा निखारा त्यांच्याही शेगडीत होता. त्या मागच्या दाराने निघाल्या. शेजारच्या तारा बॅनर्जींना सांगितलं, त्यांनी पुढच्या घरी सांगितलं.

ओमप्रकाशजी जीपमध्ये एक पाय ठेवतात न ठेवतात तोच रस्त्याच्या वळणावरून रांग येताना दिसली. पुढे तेलुगू बाई, दोन्ही हातांनी शेगडीची कडी धरलेली. शेगडीवर इडलीचं भांडं तसंच, कारण नाश्ता कुणासाठी थांबत नाही. तिच्या मागे इतर बायका, एकेक शेगडी घेऊन. कुणाच्या शेगडीवर माशाचं कालवण, कुणाच्या तव्यावर पराठा, आणि तो उलटण्यापुरतं पंजाबी बाईने अख्खं संचलन थांबवलं. वच्छलाबाई मधोमध डाळीचं पातेलं सांभाळत येत होत्या. वाफ, धूर, फोडण्या आणि खोकला यांच्यासकट ती मिरवणूक मैदानात शिरली.

चंपतराव टाचा उंचावून एकेक शेगडी मोजू लागले.

मग त्यांच्या लक्षात आलं की रांगेला क्रम आहे. जिने पहिला निखारा घेतला ती पुढे, ऑलिंपिकच्या संचलनात ग्रीस असतं तशी. मागे आंध्रातल्या बाकीच्या, मग आसाम, मग उत्तर प्रदेश, आद्याक्षरांप्रमाणे. आणि सगळ्यांत शेवटी, जिथे यजमान देश चालतो तिथे, मथुरा. ती कोहक्याची, इथलीच, चार घरची भांडी घासणारी. तिला शेगडी नव्हती म्हणून मातीच्या परातीत निखारा घेतलेला. त्या परातीवर काही शिजत नव्हतं. चंपतराव तिच्याकडे बघून चपापले. यजमान म्हणून आजवर ते मनातल्या मनात स्वतःलाच चालवत आले होते.

“शेवटी मथुराले कावून ठेवलं?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“गाव तिचं हाय. आपुन सारे पाहुणे,” वच्छलाबाई म्हणाल्या. पातेल्यावरचं झाकण नीट करून पुढे म्हणाल्या, “इतकी वर्षं तुमचं आयकून राहिली मी. मले वाटलं, एकदा तरी तुमाले पाहाले भेटलं पायजे.”

चंपतरावांचे डोळे भरून आले आणि धुराचं निमित्त तयारच होतं. ओमप्रकाशजी जीपमधून उतरून इडलीकडे निघाले होते. पराठ्यापाशी पोचेपर्यंत त्यांनी खेळ सेक्टर सहाला देऊन टाकले, आणि कृष्णरावांनी झेंडी खिशात घालून माशाच्या कालवणाची चौकशी सुरू केली. मैदानातली मोठी शेगडी पेटवायला चंपतरावांनी पुढे यावं, असं ओमप्रकाशजींनी तोंडातला घास सांभाळत फर्मावलं. चंपतरावांनी बंडी सारखी केली, मथुरापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी हात पसरून म्हणाले, “बाई, थोडा इस्तो देता का?”

मथुराने आधी त्यांच्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि सगळी परात बादलीत रिकामी केली.