सातवा की आठवा

"कितवा म्हयना गो ह्यो?" राही सुईणीने पोर सुपात ठेवत विचारलं.

"सातवा," हौसा म्हणाली.

पंधरा दिवस तिचे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. 'पयल्या खेपेला व्हतंच' म्हणत सगळ्यांनी ते कानाआड केलं. आज सकाळी झटका आला, दातखीळ बसली आणि दुपारी पोरगी अवेळी बाहेर आली. मुठीएवढं तोंड, पण रडत होती.

पूर्णगडात असं झालं की आधी महिना मोजत. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे ठरलेलं. सातव्यातल्या पोराला राही सावरीच्या कापसात गुंडाळी, निखाऱ्यांची ऊब देई, वातीने दूध पाजी. आठव्यातल्याला हात लावीत नसे. यमाशी भांडण कोण काढणार?

सासू गोदूबाईने बोटं मोजली. "सातवा कसा? माजा ल्योक भागोजी शिमग्याला आलेला, पालखी झाल्यावर बोटीनं मुंबयला गेला. त्याला आठवा लागला. सातवा म्हनशील तर पोर कुनाचं?"

हौसाला हे कळत नव्हतं थोडंच! महिना आठवाच होता; ते खरं नवऱ्याच्या पाया पडून पुढे सांगता आलं असतं. आज पोर जगायला हवं होतं. तिने आईकडे पाहिलं. मथुरा लेकीचं दुखणं ऐकून चार दिवसांपूर्वीच आली होती.

"आय, सांग ना गो! सातवाच ना?"

मथुराने नजर खाली घातली. "आठवाच हाय, विहीणबाय. पोरगी भ्रमात बडबडते. माज्या लेकीच्या नावाला डाग नाय."

राहीने कापूस परत गाठोड्यात कोंबला आणि ती उठली.

हौसाने पोरीला उघड्या छातीशी धरलं, खाली म्हणून ठेवलं नाही. बोट दुधात बुडवून ओठांना लावत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी गेली. गावाचं गणित बरोबर निघालं. कापूस लावलाच नव्हता, तर चुकणार कसं?

संध्याकाळी हौसाची छाती दुधाने दगड झाली. मथुरा जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन आली.

"बांधते बाय, न्हायतर ताप चढंल. तुज्यासाठीच बोलले गो मी. घराभायेर काढली असती तुला."

माझी आई माझी राहिली नाही, एवढंच हौसाला कळत होतं. तिने पट्टी आईच्या हातातून काढून घेतली आणि दारात उभ्या असलेल्या सासूपुढे धरली.

"आत्याबाय, तुमी बांधा."

गोदूबाईने पट्टी गुंडाळली, पाठीवर गाठ मारली. तेवढा वेळ मथुरा रिकाम्या हातांनी बाजूला उभी होती.