मागं वळलेली मेंढरं

मल्हारी आमच्या गल्लीतला सिनेदिग्दर्शक. म्हणजे चितेगावच्या कारखान्यात पाळी आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा. त्याच्या सिनेमात हिरो नसतो, गाणं नसतं, प्रेक्षकही बेतानंच असतात. कुणाला 'असं कर, तसं बोल' म्हणायचं नाही, चाललंय ते टिपायचं, एवढीच त्याची पद्धत. दोन लघुपट झाले. एकाला पुण्यात शाल मिळाली. शाल चांगली होती.

तिसरा सिनेमा त्यानं वडिलांवर केला. त्रिंबकआबांनी जन्मभर वेरूळकडच्या माळावर मेंढरं राखली. आता माळाला रिसॉर्टचं कुंपण पडलं, आबांचे गुडघेही गेले. मेंढरं विकायची ठरली, त्याआधी मल्हारीनं ती टिपून घेतली. कळप पाठमोरा चाललाय, आबा कॅमेऱ्यामागं, पाण्यापाशी उभं राहून हाक मारतात, आणि सगळी मेंढरं वळून थेट आपल्याकडं बघतात. सिनेमाचा सगळा जीव एवढ्यात होता. नेमकी तिथली हाक वाऱ्यानं खाल्ली. माइकात नुसती घरघर.

मेंढरं गेल्यावर आबा शहरात आले. मल्हारीनं माझ्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून स्टुडिओ केला.

"आबा, एकडाव हाक मारा."

"कुणाला?"

"मेंढरांला."

"ह्या गाद्यांत?" आबा माझ्याकडं वळले. "साहेब, तुमच्याकडं खोलीत ऱ्हानारी शिकलेली मेंढरं हायत काय?"

"आहेत, पण ती माझंसुद्धा ऐकत नाहीत," मी म्हणालो.

"आबा, सिनेमा अडलाय. कोल्हापूरच्या महोत्सवाला पाठवायचाय."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"धनगरानं खोटी हाक मारू नाय, मल्हारी. म्होरं पानी असावं, चारा असावा, मंगच मारावी. म्या एकदा खोटी मारली, मेंढरं इकली त्या दिशी. टेम्पोवाला काठ्या हानायला, तरी चढंनात. मंग म्या वरून हाक दिली. गुमान चढली. कुठं गेली, तुला म्हाईत हाय."

मल्हारीनं माइक बंद केला.

"दुसऱ्या कुणाची हाक घे," मी नंतर सुचवलं.

"मेंढरं आबांची हायत, काका."

हाकेच्या जागी त्यानं काहीच ठेवलं नाही.

शहरातल्या एका सभागृहात पहिला खेळ झाला. आबा नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर कळप आवाजाशिवाय वळला, तसे माझ्या शेजारचे जाणकार कुजबुजले, "शांतता काय वापरलीय पोरानं!"

"फार महागाची आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात आबा उठून बाहेर गेले. मल्हारी मागोमाग गेला, मीही. आबा पायरीवर बसले होते.

"बरं वाटंना का, आबा?"

"सगळी माझ्याकडंच बघायलीत."

"पिच्चर हाय, आबा. त्यात टेम्पो नाय."

"नाय ना. मंग वळल्यावर काय दिलं त्यांला?"

आबांनी सभागृहाच्या दाराकडं बोट केलं.

"पुन्हा दावनार हे?"

"कोल्हापूरला. मंग बोलावतील तिथं."

"म्या एकडाव फसवलं, बाबा. तू गावोगाव बोलावून फसवनार."

आत टाळ्या सुरू झाल्या. माइकवरून दिग्दर्शकाचं नाव पुकारलं गेलं. मल्हारी आबांशेजारी पायरीवर बसला.

"काका, कोल्हापूरला कळवा. पिच्चर येत नाय म्हनून."

"आणि आत काय सांगू?"

"काय बी सांगा."

मी आत जाऊन सांगितलं, दिग्दर्शकांना पाळीवर जावं लागलं. लोक हळहळले, आणि चहाकडं वळले.