मी बिघडत गेलो, ताई शिकत गेल्या

मित्रांनो, मी एका रुग्णालयाचा जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्यासमोर कुणी बसत नाही, पण ज्याच्यावाचून सगळ्यांचंच काम अडतं. नवा होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! थंडगार खोली, दिमतीला दोन माणसं आणि पोटात साऱ्या रुग्णांचे रिपोर्ट. पुढे माझ्याहून चपळ यंत्र आलं आणि माझी रवानगी तळघरात, मोडक्या खुर्च्यांशेजारी झाली. धुळीनं माझे पंखे घरघरू लागले.

तिथून मला संगणक विभागातल्या ताईंनी वर आणलं. मुलं मोठी झाल्यावर त्या पुन्हा नोकरीला लागल्या होत्या. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचा, विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. पण सर्व्हर सांभाळायला शिकायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. चालू यंत्राला हात लावू नका, या म्हाताऱ्यावर हवं ते करा, असं विभागाच्या सरांनी सांगितलं.

ताईंनी खरोखरच हवं ते केलं. एकदा एक आज्ञा चुकली आणि माझी पाटी कोरी झाली. एकदा परक्यांना शिरता येऊ नये म्हणून माझी दारं बंद करताना त्या स्वतःच बाहेर राहिल्या. त्या कपाळाला हात लावायच्या, चहा पिऊन यायच्या आणि मला पुन्हा उभं करायच्या. बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, नुसता घेऊन भागत नाही, तो दुसरीकडे उतरवून पाहावा, हा सरांचा धडा त्यांनी पक्का धरला. रुग्णालयाचा बॅकअप त्या दर आठवड्याला माझ्यावर उतरवत. या डब्याचे कसले लाड, म्हणून बाकीचे हसायचे.

एका सकाळी नवं यंत्र बंद पडलं. माहिती साठवणाऱ्या त्याच्या डिस्क एकदमच निकामी झाल्या होत्या आणि नव्या यायला दुसरा दिवस उजाडणार होता. मजल्यामजल्यावरचे पडदे कोरे पडले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. ऑपरेशनला थांबलेल्या एका बाईला कुठलं औषध चालत नाही, ते तिच्या रिपोर्टांतच होतं आणि ती सांगण्याइतकी शुद्धीत नव्हती.

सरांनी ताईंकडे पाहिलं. "म्हातारा पेलेल का हो?"

"पेलेल," ताई म्हणाल्या. "कितीदा पाडलाय मी त्याला. त्याची नस न् नस मला ठाऊक आहे."

रात्रीचाच बॅकअप माझ्यावर उतरू लागला. निम्म्यावर माझी जागा भरली आणि मी अडलो. सरांचा चेहरा उतरला. ताईंनी मात्र शांतपणे सरावासाठी माझ्या पोटात उतरवलेल्या जुन्या प्रती पुसून टाकल्या आणि काम पुढे चालू केलं. मग त्यांनी शेवटची आज्ञा दिली.

पहिली विचारणा शस्त्रक्रियागृहातून आली. मी रिपोर्ट दिला. मग प्रयोगशाळा, औषधांचं दुकान, सगळेच मागू लागले आणि मी देतच सुटलो! दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या, की ती बाई शुद्धीवर आली आहे आणि पाणी मागते आहे.

"उद्यापासून सर्व्हर तुम्हीच सांभाळायचे," सर म्हणाले. ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं माझ्यावरची धूळही.

आज मी त्या थंडगार खोलीत, नव्या यंत्राच्या जोडीला दिमाखात उभा आहे. मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात काढण्याआधी एखाद्या शिकणाऱ्याच्या हाती द्या. त्याला ते खुशाल बिघडवू द्या. आम्हाला त्याचं दुःख नसतं. पुन्हा उठवणारे हात आमच्यावरच तयार होतात.