अर्धा कॅन नळाचा

"मामा, हात पुसा आणि इकडे या. तुमच्या भावाच्या पोटात काय चाललंय ते दाखवते."

ताईने हाक मारली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी. वयाने माझ्या लेकीएवढी, पण डोक्याने मोठी, म्हणून ताई. मी तिथला बाटल्या धुणारा. सव्वीस वर्षं झाली. काय काम करता म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, शास्त्रज्ञ घाण करतात, मी निस्तरतो.

मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार होता. पडद्यावर द्राक्षांचा घोस असावा तशा गोल गोल पेशी. उंदराच्या स्वादुपिंडातल्या. हे स्वादुपिंड जठराच्या मागे दडून बसलेलं असतं आणि अन्न पचवायचा रस करतं, एवढं मला भाऊ दवाखान्यात होता त्या तीन आठवड्यांत पाठ झालं होतं. भावाचं तेच सुजलं होतं.

"ती चमक दिसली? ते कॅल्शियम," ताई म्हणाली. "जेवण आलं असा निरोप मिळाला की पेशीत कॅल्शियम असं लुकलुकतं. त्या इशाऱ्यावर पेशी रस बाहेर सोडते. घंटी वाजली, काम झालं, घंटी बंद."

खरंच, काजव्यासारखं चमकत होतं आणि विझत होतं. बघत बसावं असं.

"आता मी पित्ताचा थेंब टाकते. तुमच्या भावाचा पित्ताशयातला खडा अडकला आणि पित्त तुंबलं ना, तसं."

अख्खा घोस एकदम पेटला. आणि विझेचना.

"घंटी अडकली, मामा. बाहेरचं कॅल्शियम भसाभस आत येतंय. ते उपसायला पेशीत पंप असतात, पण त्यांची ताकद संपली. मग आतड्यात जाऊन जागा व्हायचा तो रस इथेच जागा होतो."

"आणि घरालाच खातो."

"अगदी तेच."

मी विचारलं, "बाहेर कॅल्शियमच ठेवलं नाही तर? वाचतील ना?"

ताईचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आपण पास झालो.

"सगळे हेच म्हणतात! ते आत शिरायचं दार बंद करणारं औषधसुद्धा लोक शोधताहेत. पण माझ्याकडे उलटंच आलंय. अजिबात कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवल्या तरी मेल्या. या तीन आठवड्यांत चारदा केलं. म्हणजे दार बंद करून उपयोग नाही. सर खूश आहेत, शुक्रवारी लेख जातोय."

"ते तसलं पाणी आणता कुठून?"

"कुठून म्हणजे? तुमच्या कॅनमधून! नळाच्या पाण्यात कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. किटलीला पांढरा थर बसतो तो कशाचा?"

तो थर सव्वीस वर्षं मीच खरवडतोय.

मी टेबलाची कड धरली. ताई पडद्याकडे बघत होती. तिला दिसलं नाही.

सांगतो काय झालं होतं. बाटल्या धुण्याबरोबर डिस्टिल पाण्याचा कॅन भरून ठेवणं हे माझं काम. काचेच्या यंत्रात पाणी उकळतं, त्याची वाफ गार होते आणि थेंब थेंब कॅनमध्ये पडते. कॅन भरायला सगळी दुपार जाते. घाई केलेली त्याला चालत नाही. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. दारावरचा पहारेकरी म्हणजे सख्ख्या आईलाही ओळख न दाखवणारा. साडेतीन वाजता कॅन अर्धाच झालेला असायचा. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे बघितलं, कॅन नळाखाली धरला आणि भरला. पाणी ते पाणी. दुसऱ्या दिवशी इकडेतिकडे बघितलंही नाही.

आमचे सर पाहुण्यांना सांगायचे, "बँकेवर नसेल एवढा माझा या माणसाच्या पाण्यावर विश्वास आहे." ऐकून माझी छाती फुगायची. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

त्या दिवशीही चार वाजता दवाखाना गाठला. भावाच्या नाकात नळी, ओठांची सालं निघालेली. तोंडाने पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा हुकूम. धाकटा माझा, किल्ल्या बनवायचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर हातभर टपरी, पण शहरातली निम्मी दारं त्याच्या ओळखीची.

"आला पाण्याचा मालक," तो म्हणाला. "जगाला पाजतोस, भावाला एक घोट देईनास."

"डॉक्टर मला हाकलतील."

"डॉक्टरचं सांगू नकोस. नवीन डॉक्टर आला की पहिला प्रश्न, रोज किती घेता? मी म्हणतो तीन कप, साखर कमी. कुणी हसतही नाही." हसताना त्याला कळ आली. डोळे मिटून पडला, मग म्हणाला, "दादा, मला नक्की झालंय काय? तुझ्या भाषेत सांग."

मी सांगितलं. लुकलुकणं, पित्त, उघडं राहिलेलं दार, घराला खाणारा रस. तो कारागिराच्या कानाने ऐकत होता.

"म्हणजे दार लागत नाहीये. दादा, कुलूप उघडायला सगळे बोलावतात. लावायचं कसं, ते कुणी विचारत नाही. कुणी शोधतंय का लावणारी किल्ली?"

"शोधताहेत," मी म्हणालो. आणि नजर चुकवली.

लहानपणापासून त्याच्यापासून काही लपलं नाही. "काय केलंस?" त्याने विचारलं. मी सांगून टाकलं. कोणासाठी केलं तेवढं गाळलं, पण तो काय दूधखुळा आहे?

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"किल्ली चुकली असं ध्यानात आलं ना," तो म्हणाला, "की मी टपरी उघडी टाकून धावायचो. गिऱ्हाईक दारात पोचायच्या आत मी तिथं हजर. नाहीतर तो बिचारा रात्रभर स्वतःच्याच घराबाहेर." मग माझ्या हातावर दोन बोटं ठेवली. "आई म्हणायची थोरला शहाणा, धाकटा ढ. म्हातारी फसली."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. ताई यायच्या आधी मी तिच्या टेबलाशी उभा होतो.

"ताई, लेख पाठवू नका. कॅन अर्धा नळाचा आहे."

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

"कधीपासून?"

"भावाला ठेवलं त्या दिवसापासून."

तिने तोंडातल्या तोंडात दिवस मोजले. चारही प्रयोग त्यात आले. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतंत, तर मी भरला असता ना कॅन."

कुणी कानाखाली वाजवली असती तर कमी लागलं असतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सव्वीस वर्षांत मी कुणाला मदत मागितली नव्हती, आणि त्याचाच मला माज होता.

सर ओरडले नाहीत. "सव्वीस वर्षं, मामा," एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "बाटल्या धुवा. कॅनला हात लावू नका."

लावला नाही. ताई स्वतः स्टुलावर बसून कॅन भरायची, मांडीवर वही घेऊन. मी बाटल्या घासत पाठमोरा ऐकायचो. टप. टप.

भाऊ सोमवारी पहाटे गेला. शेवटी मी ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवला. कुणी अडवलं नाही.

बारा दिवसांनी कामावर गेलो. ताईने काही विचारलं नाही. हाताला धरून अंधाऱ्या खोलीत नेलं. तोच द्राक्षांचा घोस. तिने पित्ताचा थेंब टाकला. एकदा क्षणभर लुकलुकलं आणि विझलं. मी वाट बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडदा काळाच.

"मेल्या का?"

"नाही मामा. जिवंत आहेत. बाहेर कॅल्शियम नाही, आत काय शिरणार? सगळ्यांचं बरोबर होतं. आपलं चुकलं होतं."

ती 'आपलं' म्हणाली.

"उंदराच्या पेशी आहेत या," ती पुढे म्हणाली. "माणसापर्यंत पोचायला वेळ लागेल."

"लागू दे. दार लागतं एवढं कळलं."

बाहेर आलो तर माझ्या मोरीशेजारी रिकामा कॅन ठेवलेला. मी ताईकडे बघितलं.

"सरांनीच ठेवायला सांगितलाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मी यंत्र सुरू केलं, कॅन खाली लावला आणि स्टूल ओढून बसलो. साडेतीनला कॅन अर्धा झाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. पाय सवयीने उठले, मी त्यांना खाली बसवलं. आता कुठं पोचायचं नव्हतं.

कॅन गळ्यापर्यंत भरायला सहा वाजले.