हुतोंग म्हणजे विहीर

"सूनबाई, बादली घेऊन कुठे निघालीस?" शेजारच्या फूकाकांनी दारातूनच विचारलं.

"पाण्याला. विहीर कुठंय इथली?"

फूकाका हसतच सुटले. "विहीर? अगं, नळ आहे कोपऱ्यावर!"

ओद्वाल माळावरची मंगोल मुलगी. लग्न होऊन कालच बीजिंगला आलेली. तिचा नवरा देचंग न्हावी होता. "आमचं घर हुतोंगमध्ये आहे," असं त्यानं लग्नाआधी सांगितलं होतं. हुतोंग म्हणजे अरुंद गल्ली. तिला मात्र ते आपलं ‘हुदाग’ वाटलं होतं. हुदाग म्हणजे मंगोल भाषेत विहीर. घर विहिरीपाशी आहे म्हणून ती केवढी हरखली होती!

रात्री जेवताना तिचा पडलेला चेहरा पाहून देचंग म्हणाला, "हसू देत त्यांना. फूकाकाच सांगतात, तुमच्या लोकांचं राज्य होतं तेव्हाचा हा शब्द, हुदागवरूनच आलेला. विहीर तिथं वस्ती, वस्ती तिथं गल्ली. काहींना नाही पटत."

"तुम्हाला?"

"मला पटतं. म्हणजे तू परक्या ठिकाणी नाही आलीस."

पण माळ सुटला नाही. दोन छपरांमधल्या आभाळाच्या पट्टीकडे बघत ती म्हणायची, "एकदा जाऊन येऊ." देचंग म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." मग सासूचं आजारपण निघालं, लेकीची शाळा आली, आणि शेवटी देचंगच गेला.

त्यानंतर गल्ली पाडायचं ठरलं. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडे चल. लिफ्ट आहे."

"आधी मला माळावर दादाकडे पोचव."

दादानं तिला घट्ट धरलं. माहेरची विहीर केव्हाच बुजली होती, घरात पंपाचं पाणी होतं. "आता इथंच राहा," तो म्हणाला. "उगाच त्या खुराड्यात जन्म काढलास."

"खुराडं नको म्हणूस, दादा," ती म्हणाली.

सकाळी ती एकटीच माळावर निघाली. चहूकडे नुसतं गवत. मागून मोटारसायकलचा आवाज आला, तशी ती झटकन बाजूला सरकली आणि अंग चोरून उभी राहिली.

भाचा गाडी थांबवून हसायला लागला. "आत्या, एवढा माळ मोकळा पडलाय, आणि तू मला वाट देतेस?"

तो पुढे निघून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, पाठ ताठ करून, मागे भिंत असल्यासारखी.