कात्रीतून सुटलेला सोनटक्का

एक कात्री, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. मागे जाताना गाणं वाजवणारा टेम्पो. सिमेंटची पोती. ओलं फडकं. ताडपत्री.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो मी आहे. मी सोनटक्क्याचा एक जुना गड्डा आहे. दिसायला आल्यासारखा वाकडातिकडा. पण मला कोणी चहात घालत नाही. माझा जन्म फुलण्यासाठी!

वहिनींनी मला माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. त्या घरी शिवणकाम करत. मागच्या अंगणात सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असा कोपरा बघून त्यांनी मला लावलं. खोल पुरलं नाही. पाठ थोडी उघडी ठेवली. तांदळाचं धुवण पाजलं, पालापाचोळ्याचं पांघरूण घातलं. मी ऐसपैस हातपाय पसरले. माझे दांडे वहिनींच्या खांद्याला लागले. असा रुबाब त्या गल्लीत दुसऱ्या कोणाचा नव्हता, हे मी अगदी नम्रपणे सांगतो.

फूल मात्र येईना.

"वहिनी, हे नुसतं गवत आहे," त्यांचे दीर म्हणत. ते टेम्पो चालवत, आणि त्यांना तो माझ्या जागेवर उभा करायचा होता.

"गवत म्हणू नका, भावोजी. माझ्या आईच्या दारात याचा नुसता घमघमाट असायचा."

"मग इथेच का रुसलाय? यंदा फुलला तर ठीक, नाहीतर मी सिमेंट ओतणार."

"आणि फुलला तर टेम्पो कायमचा रस्त्यावर. कबूल?"

"कबूल!"

मी रुसलो नव्हतो, मित्रांनो. माझं फूल दांड्याच्या शेंड्यातून येतं. आणि वहिनींना वेडावाकडा काठ म्हणून खपत नसे. कापड असो की झाड, कात्री हातात आली की त्या सगळं एका रेषेत आणत. दर वर्षी कळी धरायच्या आधीच माझे शेंडे उडत. ओरडून सांगावंसं वाटे. पण गड्ड्याला तोंड कुठलं?

यंदाही दांडे वाढले. सिमेंटची पोती येऊन पडली. तेवढ्यात दीरांनी टेम्पोची ताडपत्री कापायला वहिनींची कात्री नेली आणि तिची पार वाट लावली.

"माझ्या कात्रीने ताडपत्री? स्वतःच्या मिश्या कापायच्या होत्या!"

"धार लावून आणतो ना, वहिनी."

धारवाला कात्री ठेवून घेऊन, दुकानाला कुलूप लावून, गावी गेला. वहिनींनी शिवणासाठी शेजारणीची कात्री आणली. झाडाला परक्याची कात्री कशी लावायची? माझे शेंडे वाचले.

एका संध्याकाळी टेम्पो मागे येता येता गाणं मध्येच थांबलं. दीर खाली उतरले, नाक वर करून उभे राहिले.

"वहिनी, घरात अत्तर सांडलं का?"

वहिनी बाहेर आल्या. माझ्या शेंड्याशेंड्यावर पांढरी फुलपाखरं बसावीत तशी फुलं उमलली होती. त्यांनी फुलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे.

"अगं बाई! इतकी वर्षं मीच याला कापत होते की!"

"म्हणजे माझ्यामुळे फुलला!"

"हो, तुमच्यामुळेच. आता टेम्पो रस्त्यावर घ्या."

त्या सिमेंटचा माझ्याशेजारी ओटा झाला. त्यावर बसून दीर येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आमचा सोनटक्का’ दाखवतात. माझे तुकडे आज गल्लीतल्या घराघरांत फुलतात.

मित्रांनो, फुलून गेलेला दांडा खुशाल बुडापासून कापा. तो पुन्हा फुलत नाही. पण न फुललेला शेंडा ओळीबाहेर दिसतो म्हणून त्याला हात लावू नका.

आणि हो, दीरांचं ते ‘आमचा’ काही खोटं नाही: मला लावलं त्या दिवशी जमीन त्यांनीच खणून दिली होती.